रिकामी पेटी, वर चिकटपट्टी

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पलूसहून आतेभावाचा सकाळी सकाळी फोन. "दादा, तुझं यंत्र मुकं झालंय बघ. रात्रभर मोटर चालू, द्राक्षबागेत तळं झालंय!"

यंत्र म्हणजे मी हौसेनं करून दिलेला डबा. दर मिनिटाला सर्व्हरला विचारतो, "काही निरोप?" नसेल तर सर्व्हर २०४ म्हणतो. म्हणजे 'ऐकलं, सांगण्यासारखं काही नाही'. मोटर बंद करण्याचा निरोपही याच वाटेनं जातो. त्या रात्री तो पोचलाच नाही.

दोन शनिवार घालवल्यावर चोर सापडला. होस्टिंगवाल्यांनी 'साइट फास्ट होईल' म्हणून सगळ्या उत्तरांवर जीझिप कॉम्प्रेशन लावलं होतं. माझी लायब्ररीही 'जीझिप चालेल' असं परस्पर सांगत होती. आता गंमत बघा. काहीच नसलेला मजकूर जीझिप केला की किती होतो? २० बाईट! १० हेडरचे, २ रिकाम्या ब्लॉकचे, ८ शेपटीचे. त्या शेपटीत चेकसम शून्य आणि लांबी शून्य. म्हणजे रिकामी पेटी, पण चिकटपट्टी लावून, वजनाची चिठ्ठी डकवून ट्रकमध्ये चढवलेली.

"२० बाईटनी काय बिघडतं राव?" असं म्हणणारे भेटतातच. २०० असेल तर फारसं नाही, उलगडलं की रिकामंच निघतं. पण २०४ आणि ३०४ ला बॉडी नसते, असा एचटीटीपीचा नियम आहे. १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्येही होता, २०२२ च्या ९११० मध्येही आहे. त्यामुळे क्लायंट हेडर संपले की थांबतो. कनेक्शन चालूच असतं, आणि ते २० बाईट पुढच्या उत्तराची सुरुवात म्हणून वाचले जातात. पुढचं उत्तर कचरा! माझा कोड तीन चुकांनंतर कायमचा गप्प बसायचा. तो गाढवपणा माझाच, कबूल.

उलटा प्रकारही होतो. हेडरमध्ये 'जीझिप' आणि बॉडी शून्य बाईट. मग काटेकोर क्लायंट फाइल अर्धवट आली म्हणून बोंब मारतो.

माझा राग कॉम्प्रेशनवर नाही. गावाकडच्या रडतखडत नेटवर ते हवंच. राग आहे 'लावून टाका सगळ्याला' या वृत्तीवर. एनजिनएक्स मुळात फक्त २००, ४०३ आणि ४०४ च्याच उत्तरांना जीझिप लावतो. एवढी अक्कल तयार मिळत असताना आपण आपला फिल्टर लिहितो आणि स्टेटस बघतसुद्धा नाही. किमान लांबीच्या सेटिंगवरही विसंबू नका. तिथे ती लांबी कंटेंट-लेंग्थ हेडरवरूनच ठरते, आणि तुकड्यातुकड्यानं जाणाऱ्या उत्तराला तो हेडर नसतो.

करायचं काय? आधी स्टेटस बघा. मग पहिला बाईट येईपर्यंत थांबा. आलाच नाही तर जीझिपचा हेडर काढा आणि रिकामं उत्तर रिकामंच पाठवा. आणि टेस्ट लिहिताना भरलेल्या पानासोबत रिकामं उत्तरही तपासा. ते कुणीच तपासत नाही.

'काही नाही' हेसुद्धा उत्तर असतं हो. त्याला सजवू नका. आतेभाऊ अजून मला 'इंजिनिअर' म्हणतो, पण आता जरा हसून.