एसएमपीएस घेताना वॅट नव्हे, बारा व्होल्टची ओळ वाचा

कापडाच्या धंद्यात उमर गेलेल्या माणसाला ताग्यावरच्या चिठ्ठीवर आंधळा भरवसा ठेवू नये, हे कोणी शिकवावे लागत नाही. चिठ्ठीवर वीस मीटर लिहिलेले असते, पट्टी टाकून मोजले की साडेअठरा भरते. कांजी भरलेले कापड हाताला जाड लागते आणि एका धुण्यात त्याची जाळी होते. हे सर्व जाणणारे आम्ही, दुकानातल्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस घेताना मात्र डब्यावरचा आकडा पाहून फसलो. आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव याच रस्त्याने चालले आहेत, म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्या धुळ्याच्या दुकानात कॉम्प्युटर आला तो जुलै २०१७ मध्ये, जीएसटीबरोबर. त्याआधी उर्दूत लिहिलेली खातेवही होती, जी आमच्याशिवाय कोणालाच धड वाचता येत नसे. मुलाने सर्व उधारी कॉम्प्युटरवर चढवली आणि वही माळ्यावर गेली. पुढे एका मे महिन्यात, १० तारखेला दुपारी, जळका वास आला आणि पेटी बंद पडली. दुसऱ्या दिवशी ११ तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ भरण्याचा शेवटचा दिवस. आपली बिले वेळेवर चढली नाहीत तर १४ तारखेला निघणाऱ्या टू-बीमध्ये ती दिसत नाहीत, घेणाऱ्या व्यापाऱ्याचे क्रेडिट अडकते, आणि मग त्याचा फोन येतो. अशा घाईत दुरुस्तीवाल्या मुलाने साडेसहाशे रुपयांचा, '४५० वॅट' छापलेला एसएमपीएस बसवला. कॉम्प्युटर चालू झाला. आम्ही खूश झालो आणि त्याला चहा पाजला.

चार महिन्यांनी तोच एसएमपीएस गेला, आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क बरोबर घेऊन गेला. बॅकअप सात महिन्यांपूर्वीचा होता. ही चूक आमचीच, त्यात दुरुस्तीवाल्याचा दोष नाही. पण सात महिन्यांची उधारी पावतीपुस्तकांवरून आणि आठवणीवरून पुन्हा उभी करताना काही गिऱ्हाइकांनी इमानदारीने स्वतःहून आकडा सांगितला, तर काहींनी "आम्ही तर केव्हाच देऊन टाकले" असे उत्तर दिले. त्यांच्यापुढे काय बोलणार? हातात कागद नव्हता.

त्यानंतर आम्ही जळगावला गोलाणी मार्केटमध्ये जाऊन चार दुकाने फिरलो, जाणकार मुलांना प्रश्न विचारून त्रास दिला, आणि जे समजले ते असे. एसएमपीएसचे काम म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर ५ आणि ३.३ च्या ओळीतून बरेच घेत. आजचा कॉम्प्युटर जवळजवळ सगळे १२ व्होल्टच्या ओळीतून घेतो. प्रत्येक एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता छापलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि बाराने गुणावे. आमच्या साडेसहाशेच्या पेटीवर १४ अँपिअर होते. चौदा गुणिले बारा, १६८. म्हणजे ४५० वॅटच्या नावाखाली उपयोगाचे १६८ वॅट, आणि तेही तक्ता खरा मानला तर. उरलेली भरती त्या दोन ओळींची, ज्यांची आज फारशी गरज नाही. हीच ती कांजी. प्रामाणिक ४५० वॅटच्या पेटीवर त्या जागी ३५-३६ अँपिअर असतात. इंग्रजी वाचता येत नसले तरी हरकत नाही, आमचेही शिक्षण उर्दू शाळेतले. आकडा तर सर्वांना वाचता येतो.

आता कोणी म्हणेल, साध्या बिलिंगच्या कॉम्प्युटरला लागतात किती? प्रोसेसर बहुधा ६५ वॅटचा, वर बोर्ड, डिस्क, पंखे धरून एकंदर दीडशेच्या आतबाहेर. मग १६८ पुरायला हवेत. कागदावर पुरतात. पण आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि वर पत्रा असलेल्या दुकानात तो आणखी चढतो. हलक्या पेटीचे वॅट थंड खोलीतले असतात, उष्णतेत ते घटतात. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंशांवर पूर्ण वॅट देऊ, असे स्पष्ट लिहितात. शिवाय धुळ्यात लूमच्या शेजारी ज्यांचे ऑफिस आहे त्यांच्या पंख्यात कापसाची रुई इतकी बसते की आत हवाच जात नाही. दर दोन-तीन महिन्यांनी, प्लग काढून, बाहेरूनच ब्रशने किंवा ब्लोअरने साफ करावे. पेटी मात्र उघडू नये. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेवर व्होल्ट काही वेळ साठून राहतात आणि ते जीवावर बेततात.

सर्वात मोठा फरक वॅटचाही नाही. व्होल्टेज अचानक वाढले किंवा आत शॉर्ट झाले तर चांगली पेटी स्वतः बंद होते आणि बोर्डाला वाचवते. हलक्या पेटीत ही सोय नसते किंवा नावापुरती असते. भुसावळजवळ दीपनगरला मोठे वीज केंद्र असूनही भारनियमनाची ती वर्षे आपण सर्वांनी काढली आहेत. आज वीज तेवढी जात नाही, पण जाऊन परत येते तेव्हाचा झटका तसाच आहे.

म्हणून आमचे मत असे की बजेट कमी असेल तर प्रोसेसर जुना घ्यावा, मॉनिटर सेकंडहँड घ्यावा, रॅमसुद्धा जुनी चालते. एसएमपीएस मात्र नवा आणि बऱ्यापैकी घ्यावा. जुन्यातले कपॅसिटर किती वाळले आहेत ते बाहेरून दिसत नाही. आम्ही शेवटी अडीच हजारांचा, अधिक १८ टक्के जीएसटी साडेचारशे, असा घेतला. दुकानदार "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणाला, त्याला नको म्हटले. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला ते साडेचारशे क्रेडिटमध्ये परत मिळतात (कंपोझिशनवाल्यांना मिळत नाहीत, हे खरे), आणि बिलाशिवाय वॉरंटी मागायला गेलो तर कोण उभे करतो? चांगल्या पेटीवर तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी असते. साडेसहाशेच्या पेटीवर एक वर्ष छापलेले होते, पण बिल नव्हते.

फक्त कंपनीचे नाव पाहून घेऊ नये. कॉर्सेअर, अँटेक, कूलर मास्टर, डीपकूल यांची नावे बाजारात चालतात, पण एकाच कंपनीत भारी आणि हलका असे दोन्ही माल असतात, जसे आपल्याकडे एकाच मिलचे दोन दर्जे. '८० प्लस'ची खूण पाहावी. २००४ पासून सुरू झालेली ही चाचणी आहे आणि साधी खूण मिळवायलाही पेटीने थोड्या, निम्म्या व पूर्ण भारावर किमान ८० टक्के वीज कामी लावावी लागते. आपल्याकडचा बीआयएसचा 'आर'ने सुरू होणारा नंबरही लेबलवर शोधावा. तो मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की नोंदणी खरी की खोटी ते कळते.

ज्यांनी बँका-कंपन्यांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे जुने कॉम्प्युटर घेतले आहेत त्यांनी विशेष जपावे. साध्या बोर्डाला २४ पिनांचा मोठा प्लग आणि प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनांचा लहान प्लग लागतो. या कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये प्लगही वेगळा आणि पेटीचे मापही वेगळे. जुना एसएमपीएस काढून पिशवीत घालून दुकानात न्यावा, म्हणजे जळगावची दुसरी फेरी वाचते. काही जुन्या धर्तीच्या पेट्यांवर ११५ आणि २३० असे लाल बटण असते, ते २३० वर आहे ना, हे वायर लावण्याआधी पाहावे. एम्ब्रॉयडरी डिझाइन किंवा फ्लेक्सचे काम करणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डाचे वॅट वेगळे धरावेत. ७५ वॅटच्या वरच्या कार्डाला एसएमपीएसमधून स्वतंत्र वायर लागते.

आणि हे सर्व करण्याआधी एसएमपीएसच गेला आहे याची खात्री करावी. आमच्या एका शेजाऱ्याने नवीन पेटी आणली आणि निघाली यूपीएसची बॅटरी. वायर बदलून पाहावी, यूपीएस सोडून थेट भिंतीतून लावून पाहावे, शेजारच्या दुकानातला चालू एसएमपीएस पाच मिनिटे लावून पाहावा. एवढी ओळख बाजारात प्रत्येकाची असतेच.

आमचे एक जुने दोस्त म्हणतात, "माझी सातशेची पेटी सहा वर्षे चालते आहे." चालत असेल, सर्वच लवकर जातात असे नाही. मुलांच्या गाण्यांचा कॉम्प्युटर असेल तर आम्हीही तीच बसवू. पण ज्या पेटीत उधारीचे खाते आहे तिथे नाही. बॅकअप आता दर जुम्याला दुकान बंद करताना पेनड्राइव्हवर घेतो आणि पेनड्राइव्ह घरी नेतो.

ती साडेसहाशेची पेटी अजून गल्ल्याखाली आहे. भंगारवाला दोनदा मागून गेला. देणार आहोत, पण तिच्या सर्व वायरी मुळापासून कापून.