अर्ध्या सालीवरचा अशोक

औषधनिर्मितीविषयी आपल्या सभांतून चर्चा होते, तेव्हा ती बहुधा मानके, परवाने आणि बाजारभाव यांपाशी थांबते. द्रव्य कोणत्या वनातून आले, ते कसे काढले आणि काढल्यानंतर मागे काय उरले, हे क्वचितच विचारले जाते. हा प्रश्न एका वृक्षाने आम्हांस विचारावयास लावला, म्हणून हे टिपण.

गेल्या फाल्गुनात तळकोकणातील एका वृद्ध रुग्णास पाहून आम्ही ओढ्याकाठच्या पायवाटेने परतत होतो. एका वळणावर अनपेक्षितपणे सीतेचा अशोक समोर आला. जून फांद्यांवर केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ लगडले होते. जवळ गेल्यावर दिसले की, खोडाच्या एका बाजूची साल पुरुषभर उंचीपर्यंत पूर्वी कोणीतरी सोलून नेली होती. त्या व्रणाच्या दोन्ही कडांनी नवी साल हळूहळू आत सरकत होती. वीसएक पावलांवर दुसरा अशोक होता. त्याची साल सभोवार काढलेली होती आणि तो उभ्याउभ्या वाळला होता.

माती एक, ओढा एक. भेद होता तो घेणाऱ्याच्या हातात. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. हा थर सभोवार तुटला की मुळांची उपासमार होते आणि वृक्ष सावकाश मरतो. एका बाजूची साल शिल्लक राहिली, तर तेवढ्यावरही तो व्रण भरून काढतो व फुलतो.

रक्तमोक्षणात बलवान रुग्णाचेही रक्त एक प्रस्थापलीकडे काढू नये, अशी मर्यादा सुश्रुताचार्यांनी घातली आहे. रुग्णाच्या बाबतीत ही मर्यादा आपण कटाक्षाने पाळतो. ज्याच्या आधारावर चिकित्सा उभी आहे, त्या वृक्षाला मात्र ती लावीत नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात त्वचा शरद ऋतूत घ्यावी, घेणारा शुचि व सदाचारी असावा, असे सांगितले आहे. हा केवळ उपचार नव्हे. देणाऱ्याचे बलाबल ओळखून घ्यावे, हा धडा त्यात आहे आणि तो वनापुरताच मर्यादित नाही. शिष्य, सहकारी, कुटुंबीय यांच्याकडून घेतानाही तो तितकाच लागू पडतो.

साल काढणाऱ्या वनवासी संग्राहकास दोष देणे सोपे आहे. परंतु त्याला दाम मिळतो तो वजनावर, आणि तोही अत्यल्प. एका फेरीत अधिक किलो नेल्याखेरीज त्याची मजुरी सुटत नाही. अर्धी साल राखणाऱ्यास आपण अधिक काही देत नाही. म्हणजे सुरी त्याच्या हाती असली, तरी ती किती फिरावी हे आपली खरेदी ठरविते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने १९९८ साली सीतेच्या अशोकाची नोंद धोक्यात आलेल्या वृक्षांत केली. खरा अशोक दुर्मीळ होतो, तेव्हा बाजारात आसुपालवाची साल त्याच्या नावाने येते. रक्तप्रदराच्या रुग्णेस अशोकारिष्ट देताना मग आपण नेमके काय देतो, याची शाश्वती कोणी द्यावी?

आमची सूचना साधी आहे. फार्मसीमालकांनी खरेदीच्या नोंदीत स्थान, ऋतू आणि साल काढण्याची पद्धत असे तीन रकाने वाढवावेत. नियमाने काढलेल्या सालीस वाढीव दर द्यावा आणि ओळख पटल्याखेरीज माल स्वीकारू नये. वैद्यांनी औषध मागविताना ही नोंद मागावी. वाढीव दराने औषध थोडे महाग होईल, हे खरे. तो भार फार्मसी, वैद्य आणि रुग्ण यांनी वाटून घेणे न्याय्य ठरेल, कारण आजवर तो एकटा वृक्ष व त्याचा संग्राहक सोसत आले आहेत.