कापड का अडते?

दिवाळी जवळ आली की माळ्यावरून दोन जुनी मंडळी खाली उतरतात. एक पितळेचा सोऱ्या आणि दुसरे हाताचे शिवणाचे मशीन. सोऱ्या चिंच लावून घासला की मुकाट्याने चकल्या पाडू लागतो. मशीन मात्र रुसून बसते. मूठ फिरते, सुई वर-खाली होते, पण कापड जागचे हलत नाही. एकाच भोकात दहा टाके पडतात, खाली दोऱ्याचा गुंता होतो, आणि घरातले कोणीतरी म्हणते, “आता द्या हे भंगारात. आजेसासूबाईंच्या वेळचे ते, किती दिवस चालणार?”

भगिनींनो, जरा थांबा! ओतीव लोखंडाची ही यंत्रे दोन-तीन पिढ्यांना पुरतात. कापड अडण्याचा आणि मशीनच्या वयाचा संबंध फार थोडा असतो.

कापड सरकते कसे, एवढे एकदा नीट पाहून ठेवा. सुईखालच्या चकचकीत पट्टीला लांबट फटी असतात. त्यांतून करवतीसारखे बारीक दाते डोकावतात. हे दाते वर येतात, कापड मागे ढकलतात, खाली बुडतात आणि कापडाला न शिवता पुन्हा पुढे येतात. अ‍ॅलन विल्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८५४ साली या चार हालचालींचे पेटंट घेतले, आणि आजच्या विजेच्या मशीनमध्येही तीच युक्ती चालते. वरून दाबाचा पाय कापड दात्यांवर धरून ठेवतो. दाते पुरेसे वर आले, पायाने नीट दाबले आणि दाते पुरेसे मागे सरकले, की कापड चालते. यांतले एक जरी बिनसले तरी अडते.

तेव्हा पहिली परीक्षा अशी. वरचा दोरा काढा, खालचाही काढा. पॉपलीनचा तुकडा दुहेरी करून पायाखाली घ्या आणि मूठ सावकाश फिरवा. कापड सुरळीत मागे गेले तर दाते निर्दोष आहेत. गुंता दोऱ्याचा आहे, ओवणे किंवा बॉबिन तपासा. कापड तरीही अडले तरच पुढचे वाचा.

आमच्या शेजारच्या एक काकू परकर, अभ्रे, बाळंतविडे शिवतात. त्यावर त्यांच्या घरचा किराणा भरतो. गेल्या वर्षी ऐन नवरात्रात त्यांचे मशीन असेच अडले. दुरुस्तीवाल्याने नुसते वरून पाहून सांगितले, “दाते झिजलेत. याचे सामान मिळत नाही. नवे घ्या.” काकूंचा चेहरा उतरला. हाती घेतलेले वीस परकर, आगाऊ घेतलेले पैसे, आणि म्हणे नवे मशीन घ्या!

मी सुई काढली, पाय वर केला आणि पट्टीचे स्क्रू सोडवून पट्टी उचलली. खाली काय असावे? वर्षानुवर्षांचा सुताचा भुगा दात्यांच्या मधोमध बसून बसून त्याचा बुरणुसासारखा घट्ट थर झाला होता. बिचारे दाते वर येणार कुठून? दाभणाने उकरून तो काढला आणि दात घासायच्या जुन्या ब्रशाने उरलेले झाडले. दाते डोके वर काढू लागले, पण हालचाल अजून जडच.

“काकू, तेल कोणते घालता?”

“अगं, आपले डोक्याचे. खोबरेल. शुद्ध आहे हो!”

शुद्ध खरेच, पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. नरकचतुर्दशीच्या पहाटे बाटलीत बोट घालून ते काढावे लागते ना? तेच मशीनच्या पोटात होते. शिवाय खाण्याचे तेल बहुधा हवा लागून लागून चिकट पिवळे होते, आणि पुढे राळेसारखे वाळते. यावर उपाय जुनाच आहे. रॉकेलचे चार थेंब तेलाच्या भोकांत सोडायचे, मूठ भराभर फिरवायची, काळे पाणी बाहेर आले की पुसायचे, आणि असे दोन-तीनदा करायचे. मग मशीनचे पातळ तेल घालायचे. जवळ पणती मात्र नको! आणि अंगावरची सोनेरी वेलबुट्टी स्पिरिटने पुसू नका, तीच निघून हातात येते.

संध्याकाळी मशीन कुरकुर न करता चालू लागले. काकूंनी परकर धनत्रयोदशीच्या आत पोचते केले. दुरुस्तीवाल्याला काय बोलल्या ते इथे छापण्यासारखे नाही.

पोट स्वच्छ असूनही कापड अडले, तर टाक्याच्या लांबीचा स्क्रू किंवा दांडी पाहा. मुलांनी खेळता खेळता ती शून्यावर नेलेली असते, मग दाते नुसतेच जागच्या जागी वर-खाली करतात. काही मशीनमध्ये भरतकामासाठी दाते खाली उतरवायची सोय असते. कोणी उतरवून तसेच ठेवले नाहीत ना? पायाच्या दांडीवर डोक्याशी एक गोल स्क्रू असतो, तो दाब कमी-जास्त करतो. जाड कापडाला आवळा, मलमलीला सैल करा. एका वेळी एकच स्क्रू, तोही अर्धा फेरा! आमच्या घरच्या पुरुषमंडळींच्या हाती पेचकस पडला की मशीनचा एकही स्क्रू जागेवर राहत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते.

दाते खरोखर झिजले असतील तर तेही कळते. बोट फिरवून पाहा. टोके बोटाला लागत नाहीत, गुळगुळीत लागतात. तेव्हा मात्र नवे घाला.

आणि कापड ओढू नका, बायांनो! हाताच्या मशीनवर उजवा हात मुठीला अडकलेला, म्हणून डावा नकळत ओढू लागतो. मुठीच्या एका फेऱ्यात साधारण तीन टाके पडतात. तेवढ्यात ओढलेली सुई वाकते आणि पट्टीवर आपटून मोडते. डाव्या हाताने फक्त दिशा द्यावी.

काम संपले की पायाखाली जुन्या सुती कापडाची दुहेरी घडी ठेवूनच झाकण घाला. सुईच्या दांडीवरून ओघळलेले तेल ती टिपून घेते, आणि पुढच्या खेपेस पहिल्याच खणावर डाग पडत नाही.