उपनगरचा वॉर्ड : हक्काचा कीं कृपेचा?

२०२६ सालच्या जानेवारी महिन्याच्या १५ तारखेस मुंबई महानगरपालिकेची निवडणूक झाली व दुसऱ्या दिवशीं तिचा निकाल लागला. कोणाचा जय झाला आणि कोणाचा पाडाव झाला याची चर्चा चौकाचौकांत पुष्कळ होऊन गेली आहे. तींत भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. वाचकांचें लक्ष आम्हांस निराळ्याच गोष्टीकडे वेधावयाचें आहे. यापूर्वींची निवडणूक २०१७ च्या फेब्रुवारींत झाली होती. ज्या सभेची मुदत पांच वर्षांची, तिची निवडणूक जवळजवळ नऊ वर्षांनीं व्हावी आणि त्याबद्दल फारशी कोणास खंतही वाटूं नये, ही गोष्ट आमच्या मतें निकालापेक्षां अधिक विचार करण्यासारखी आहे. मतदान एकदांचें झालें म्हणजे सर्व कांहीं भरून पावलें, असें समजून लोक स्वस्थ बसतील, तर हाच प्रसंग पुन्हां ओढवण्यास फार वेळ लागणार नाहीं. म्हणून उपनगरांतील वॉर्डाला आज जो मताधिकार आहे तो त्यास कसा मिळाला, आणि मिळालेला हक्क हातांतून कोठें निसटतो, हें एकवार नीट पाहणें अवश्य आहे.

मुंबई शहराला हा हक्क कोणी संतोषानें दिला नाहीं. १८६५ च्या कायद्यानें शहराचा कारभार सरकारनें नेमलेल्या जस्टिस ऑफ दि पीस मंडळीकडे, आणि वस्तुतः आर्थर क्रॉफर्ड या एका कमिशनराच्या हातीं गेला. क्रॉफर्डसाहेबांनीं कामें पुष्कळ केलीं, हें त्यांचे शत्रूही कबूल करीत. परंतु खर्चाला धरबंध राहिला नाहीं. अखेर १८७१ सालीं कर देणाऱ्या लोकांनीं गिल्ला केला, तेव्हां १८७२ चा कायदा होऊन ६४ सभासदांपैकीं ३२ सभासद करदात्यांनीं निवडावे असें ठरलें. पुढें १८८८ चा कायदा झाला. त्याच्या घडणींत सर फेरोजशहा मेथा यांचा मोठा हात होता, आणि अनेक दुरुस्त्यांसह तोच कायदा अद्यापि मुंबईवर लागू आहे. त्यानें ७२ सभासदांपैकीं ३६ वॉर्डांतून निवडले जाऊं लागले. तरीही मत होतें तें ठराविक कर भरणाराचें; बिऱ्हाडकरूला कोणी विचारीत नव्हतें. १९२२ सालीं दरमहा दहा रुपये भाडें भरणारास मत मिळालें, आणि प्रौढ स्त्रीपुरुषांच्या सार्वत्रिक मतदानानें पहिली निवडणूक व्हावयास १९४८ साल उजाडावें लागलें. पाऊणशें वर्षें झगडून मुंबईकरानें हा हक्क पायरीपायरीनें मिळविला.

उपनगरांची हकीकत याहून वेगळी आहे. माहीमच्या खाडीपलीकडील गांवें त्या काळीं शहरांत नव्हतींच. वांद्र्याला १८७६ सालीं स्वतंत्र म्युनिसिपालिटी मिळाली होती. कुर्ले, घाटकोपर-किरोळ, पार्ले-अंधेरी या ठिकाणींही आपापल्या म्युनिसिपालिट्या होत्या, आणि १९२० सालीं उपनगर जिल्हाच निराळा काढण्यांत आला. या संस्था द्रव्यानें दुबळ्या होत्या खऱ्या; परंतु तेथील सभासद रस्त्यांत भेटे, आणि कचेरी पायीं जाण्याच्या अंतरावर होती. १९५० सालीं अंधेरी व भांडुपपर्यंतचा आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंडपर्यंतचा मुलूख महानगरपालिकेच्या हद्दींत आला. उपनगरवासीयांस मोठ्या संस्थेचें पाणी, दवाखाने व शाळा मिळाल्या. त्याबरोबर प्रौढ मतदानाचा हक्कही आयताच मिळाला. मात्र गांवची कचेरी गेली आणि तिच्या जागीं बोरीबंदरासमोरची भव्य इमारत आली. त्या इमारतीशीं आपल्या गल्लीचा संबंध जोडणारा एकच धागा उरला. तो म्हणजे वॉर्ड व त्याचा सभासद. आपण कष्टानें मिळविलेल्या पैशाची माणसास जशी किंमत असते तशी वारशानें आलेल्या धनाची नसते. उपनगरांत मताविषयीं जी बेफिकिरी दिसते तिचें मूळ कदाचित् येथेंच असावें.

असो. हक्काच्या विस्तारासंबंधानें पाहिलें तर तक्रारीस फारशी जागा नाहीं. १९६८ च्या निवडणुकींत १४० जागा होत्या. १९८५ सालीं १७०, १९९२ सालीं २२१ व २००२ सालीं २२७ झाल्या. वस्ती जसजशी उत्तरेस सरकत गेली तसतशा जागाही सरकल्या. २०११ च्या जनगणनेंत शहर जिल्ह्यांत ३१ लाखांच्या आंत, तर उपनगर जिल्ह्यांत ९३ लाखांवर लोक भरले. २०१७ च्या वॉर्डरचनेंत त्या मानानें शहराकडे ५६ आणि उपनगरांकडे १७१ जागा आल्या. म्हणजे लोकसंख्येचा तीन चतुर्थांश भाग व सभासदांचाही तीन चतुर्थांश भाग, असा हिशेब बरोबर जुळला. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें १९९३ पासून एक तृतीयांश जागा स्त्रियांकरितां राखल्या गेल्या, आणि २०१२ च्या निवडणुकीपासून तें प्रमाण निम्म्यावर आलें. ज्या वॉर्डांत एके काळीं घरमालकावांचून कोणास मत नव्हतें, तेथें आज भाडेकऱ्याची सून सभासद होऊं शकते. ही प्रगति लहानसान नव्हे.

परंतु हक्क किती लोकांस आहे, एवढ्यानेंच त्याचें मोल ठरत नाहीं. तो केव्हां बजावतां येईल, हेंही ठरलेलें असावें लागतें. आमच्या व्यापारी वाचकांस हें अधिक फोड करून सांगण्याची जरुरी नाहीं. हुंडीवर रक्कम कितीही मोठी लिहिलेली असो, तिच्यावर मुदतच नसेल, किंवा मुदत भरल्यावर ‘पुढें पाहूं’ असें उत्तर पेढीवर मिळत असेल, तर बाजारांत त्या हुंडीस कोण विचारील? आतां वॉर्डाच्या हुंडीची मुदत पाहा. १९६८, १९७३ व १९७८ या निवडणुका पांच पांच वर्षांनीं झाल्या. १९७८ नंतरची निवडणूक सात वर्षांनीं, १९८५ सालीं झाली. मध्यंतरीं १९८४ सालीं प्रशासकही येऊन गेला. त्यापुढची पुन्हां सात वर्षांनीं, १९९२ सालीं. त्यानंतर घटनादुरुस्ती अंमलांत आली, आणि १९९७, २००२, २००७, २०१२ व २०१७ या पांचही निवडणुका घड्याळाच्या कांट्याप्रमाणें पार पडल्या. लोकांस वाटलें, आतां हा प्रश्न कायमचा मिटला. आणि नेमकें तेव्हांच सर्वांत मोठें, नऊ वर्षांचें खिंडार पडलें! दुरुस्तीपूर्वीं जें सात वर्षांवर गेलें नव्हतें, तें दुरुस्तीनंतर नऊ वर्षांवर गेलें.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी आहों, म्हणून हें कसें घडलें तें सांगणें आमचें काम आहे. घटनेच्या २४३-यू या कलमाची भाषा संदिग्ध नाहीं. सभेची मुदत पांच वर्षें, तिच्याहून अधिक नाहीं. आणि ती मुदत संपण्यापूर्वीं नवी निवडणूक पुरी झालीच पाहिजे. २००६ सालीं अहमदाबादच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें याचा अर्थ आणखी स्पष्ट केला, आणि नैसर्गिक आपत्तीसारखा असाधारण प्रसंग सोडल्यास निवडणूक आयोगानें मुदत पाळलीच पाहिजे असें बजावलें. असें असतां २०२१ मध्यें काय झालें? इतर मागासवर्गाच्या राखीव जागांसंबंधीं सर्वोच्च न्यायालयानें मार्चमध्यें निकाल दिला व मागासलेपणाची पाहणी करून मगच प्रमाण ठरवा असें सांगितलें. ती पाहणी वेळेवर झाली नाहीं. नोव्हेंबरांत एका सरकारनें जागा २२७ वरून २३६ केल्या. २०२२ च्या मार्चमध्यें वॉर्ड आंखण्याचा आयोगाचा अधिकार सरकारनें आपल्याकडे घेतला. त्याच महिन्याच्या ७ तारखेस सभेची मुदत संपून प्रशासक बसला. ४ मे रोजीं न्यायालयानें निवडणुका लावा म्हणून हुकूम केला. तरी मुंबईची निवडणूक लागली नाहीं. ऑगस्टांत दुसऱ्या सरकारनें २३६ च्या पुन्हां २२७ केल्या. मग तारखांवर तारखा पडत गेल्या, आणि २०२५ च्या ६ मे रोजीं न्यायालयानें पुन्हां आदेश दिला तेव्हां कोठें चक्र फिरूं लागलें. दोन्ही सरकारें निरनिराळ्या पक्षांचीं होतीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. हा दोष एका पक्षाचा नव्हे. सत्तेवर बसणाऱ्या प्रत्येकास रिकामें सभागृह सोयीचें वाटतें, हा खरा रोग आहे.

या तीन वर्षें दहा महिन्यांत वॉर्डाचें काय गेलें? अगोदर पैशाचें पाहूं. महानगरपालिकेचें २०२२-२३ चें अंदाजपत्रक सुमारें ४५,९४९ कोटी रुपयांचें होतें. २०२५-२६ चें ७४,४२७ कोटींचें झालें. या वाढत्या अवधींतील तीन अंदाजपत्रकें प्रशासकानेंच मांडलीं व प्रशासकानेंच मंजूर केलीं. मुनिमानें खर्चाची मागणी करावी आणि मालकाच्या गादीवर बसून त्यानेंच तिच्यावर सही करावी, हा प्रकार कोणता सावकार आपल्या पेढीवर चालूं देईल? मुनीम प्रामाणिक आहे कीं नाहीं हा येथें प्रश्नच नाहीं; प्रामाणिक मुनिमाचीही वही मालकानें तपासावी लागते.

दुसरी गोष्ट याहून लहान, पण घराजवळची आहे. उपनगरांतील आमच्या एका दुकानदार स्नेह्याच्या दारापुढें गटाराचें झांकण पावसाळ्यांत खचलें. ते कचेरींत गेले, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले, अर्ज दिला. त्यांस तक्रारीचा क्रमांक मिळाला. झांकण मिळालें नाहीं. अखेर त्यांनीं पदरचे पैसे खर्चून फरशी बसविली. आम्हांस भेटले तेव्हां म्हणाले, “वकीलसाहेब, नगरसेवक कांहीं देवमाणूस होता असें नाहीं, पण पूर्वीं रागवायला तरी माणूस होता!” स्थानिक स्वराज्याची याहून नेमकी व्याख्या आम्हांस ग्रंथांतही आढळली नाहीं. ज्याच्यावर रागावतां येतें आणि पांच वर्षांनीं ज्यास घरीं बसवितां येतें, तो प्रतिनिधि. अधिकारी कितीही कर्तबगार असो, त्याची बढती वा बदली वॉर्डाच्या हातीं नसते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, प्रशासकाच्या काळांत कामें झपाट्यानें झालीं, रस्ते सिमेंटचे झाले, आणि नगरसेवकांची टक्केवारी वांचली. टक्केवारीचा बंदोबस्त झाला पाहिजे, यांत आमचें दुमत नाहीं. परंतु चोराच्या भीतीनें घराचा मालकच काढून टाकणें हा बंदोबस्त नव्हे. कामें झपाट्यानें तर क्रॉफर्डसाहेबांनींही केलीं होतीं. तरी लोकांनीं हिशेब मागितलाच, आणि त्या मागणींतूनच मुंबईचें स्वराज्य जन्मास आलें. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मागासवर्गाच्या जागांचा प्रश्न सोडविल्याविना निवडणूक उरकणें हा त्या वर्गावर अन्याय झाला नसता काय? झाला असता, हें आम्ही मान्य करतों. म्हणूनच पाहणीचें काम मुदत संपण्यापूर्वीं पुरें करणें हें सरकारचें कर्तव्य होतें. तें न करतां न्याय व निवडणूक यांची एकमेकांशीं झुंज लावून देण्यांत आली, आणि तींत त्या वर्गालाही चार वर्षें एकही जागा मिळाली नाहीं. सभागृहच नसेल तर राखीव खुर्ची कोठें मांडणार?

आतां पुढचें. आजच्या सभेची मुदत २०३१ च्या आरंभीं संपेल, आणि तत्पूर्वीं २०२७ ची जनगणना व्हावयाची आहे. तिच्या आंकड्यांवरून वॉर्ड पुन्हां आंखले जातील, उपनगरांचा वांटा कदाचित् आणखी वाढेल, आणि जागांच्या वांटणीचा वाद पुन्हां उभा राहील. टाळाटाळीचीं जुनींच निमित्तें नव्या वेषांत येतील. म्हणून आमच्या सूचना आजच मांडून ठेवतों. वॉर्ड आंखण्याचा अधिकार सरकारनें आयोगास परत द्यावा. ज्यास निवडणूक लढवावयाची आहे त्यानेंच मैदान आंखावें हें न्यायाचें नाहीं. वॉर्डरचना व राखीव जागांच्या सोडती मुदत संपण्यापूर्वीं एक वर्ष पुऱ्या व्हाव्या; त्या झाल्या नाहींत तर जुन्याच रचनेवर निवडणूक व्हावी, पण ती थांबूं नये. आणि कारणपरत्वें प्रशासक आलाच, तर त्याच्या हातीं नित्याच्या खर्चापलीकडे सत्ता नसावी. हजारों कोटींचीं नवीं कंत्राटें देण्याची मुभा त्यास नसली, म्हणजे रिकाम्या सभागृहाचा मोहही उरणार नाहीं.

शेवटीं मतदारांस दोन शब्द. २०१२ सालीं सुमारें ४५ टक्के मतदारांनीं मत दिलें, २०१७ सालीं सुमारें ५५ टक्क्यांनीं. आणि नऊ वर्षें मताचा उपवास घडल्यावरही २०२६ मध्यें ५३ टक्क्यांच्या आसपासच लोक केंद्रावर गेले. हक्क नऊ वर्षें अडवून ठेवला तरी निम्मे धनी तो मागावयास येत नाहींत, हें राज्यकर्त्यांनीं पाहून ठेवलें आहे. धनकोनें तगादा सोडला म्हणजे ऋणको मुदत विसरतो, हा बाजाराचा नियम राजकारणासही लागू आहे. प्रत्येक वॉर्डांतील व्यापारी मंडळ, सोसायटी व वाचनालय यांनीं २०३१ ची मुदत आजच आपल्या वहींत टिपून ठेवावी, आणि २०२९ सालापासून आयोगाकडे, आमदारांकडे व जरूर पडल्यास न्यायालयाकडे तगादा लावावा. मुदतीचा तगादा लावणाऱ्या वॉर्डाचा हक्क हा हक्क राहील. स्वस्थ बसणाऱ्याच्या वांट्यास सरकारची कृपा येईल, आणि कृपेला तारीख नसते.