आधी प्रार्थना, मग बेत

नाताळच्या निमित्ताने ख्रिस्ती बांधवांना शुभेच्छा देताना त्यांच्या धर्मजीवनातील एका रीतीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कोणताही बेत आखण्यापूर्वी प्रार्थना करावी, असे श्रद्धावान ख्रिस्ती मानतो. यात नवल ते काय, असे आपल्या घरांतून विचारले जाईल. संकल्प सोडल्यावाचून आपल्याकडे पूजा होत नाही आणि श्रीगणेशाला वंदन केल्यावाचून कार्याला आरंभ होत नाही. हे खरेच. पण लग्नाचा मुहूर्त ठरतो, कार्यालय ठरते, पत्रिका छापून येतात आणि मग त्यांतली पहिली आपण देवापुढे ठेवतो, हेही तितकेच खरे. ठरलेल्या गोष्टीला देवाची संमती आपण गृहीत धरतो. (ख्रिस्ती घरांतही हे होत असणारच, माणसे सर्वत्र सारखीच.)

बायबलच्या जुन्या करारात नहेम्याची कथा आहे. इसवी सनापूर्वी ४४५ च्या सुमारास हा यहुदी गृहस्थ इराणच्या अर्तहशश्त राजाला पेला देण्याच्या सेवेत शूशनच्या राजवाड्यात होता. यरुशलेमचा तट ढासळला आहे, वेशी जळाल्या आहेत, ही वार्ता त्याला किसलेव महिन्यात कळली. तो रडला, त्याने उपवास केले, पूर्वजांची आणि स्वतःची पापे देवापुढे कबूल केली. राजापुढे शब्द काढला तो नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. तुझी मागणी काय, असे राजाने विचारताच उत्तर देण्यापूर्वी त्याने पुन्हा मनोमन देवाला आळवले. आणि मग मागणी केली ती किती नेमकी! परत येण्याची मुदत सांगितली, वाटेवरील सुभेदारांना पत्रे मागितली, वेशींच्या लाकडासाठी राजवनाच्या रक्षकाला हुकूम मागितला. यरुशलेमला पोहोचल्यावर थोडी माणसे बरोबर घेऊन त्याने रात्री तटाची पाहणी केली. शत्रूंची चाहूल लागली तेव्हा प्रार्थनाही केली आणि पहाराही बसविला. तट ५२ दिवसांत पुरा झाला.

प्रार्थना म्हणजे आळशाचा आसरा, असे म्हणणाऱ्यांनी ही कथा जरूर वाचावी. आम्हांला मात्र त्या ५२ दिवसांपेक्षा आधीचे चार महिने अधिक मोलाचे वाटतात. त्या काळात आकाशवाणी झाली किंवा दृष्टान्त झाला, असे कथेत कोठेही नाही. कोकणातल्या देवळांत कौल लावला की काही उत्तर तरी मिळते. नहेम्याला तेही मिळाले नाही. देवाने हे आपल्या मनात घातले, एवढेच तो पुढे सांगतो. मुलाचे शिक्षण, मुलीचे स्थळ, घराचे कर्ज यांसाठी देवापुढे बसायचे ते असे, निर्णय होण्यापूर्वी आणि नकाराचीही तयारी ठेवून, असे आमचे मत आहे. ते सोपे नाही, हेही आम्ही जाणतो.

शिवाय प्रार्थना केली म्हणून बेत फळतोच असे नाही. बारा प्रेषित निवडण्यापूर्वी येशूने डोंगरावर सारी रात्र प्रार्थनेत घालविली, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्या बारांत विश्वासघात करणारा यहूदा इस्कर्योतही होता! पंडितांनी याचा उलगडा परोपरीने केला आहे. आम्हांला एवढेच दिसते की, त्या रात्रीतून येशूने यशाची हमी मागून घेतली नव्हती. गेथशेमानेच्या बागेत दुःखाचा पेला टळावा अशी विनवणी त्याने केली आणि त्याच श्वासात पित्याच्या इच्छेपुढे मान तुकविली.

महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधायला नको. पंडिता रमाबाईंचे धर्मांतर आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांना रुचले नाही. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आईवडील दुष्काळात गमावलेल्या या विदुषीने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुली पाहिल्या. अमेरिकेतून येणारे द्रव्य पन्नास मुलींनाही जेमतेम पुरणारे. तरी तीनशे मुली वाचवाव्यात हे देवाने आपल्या मनात घातले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. नहेम्याचेच हे बोल! मग मुली आल्या, आणि त्यांच्या निवाऱ्याची, अन्नाची, शिक्षणाची व्यवस्था बाईंनी कसलेल्या कारभाऱ्याप्रमाणे लावली. केडगावची ती मुक्ती संस्था आजही चालू आहे.