तुला खरंच आवडतं का?

गेल्या वर्षी आंतर-हाउस बोर्ड स्पर्धेच्या वेळी ॲकॅडमिक ब्लॉकच्या कॉरिडॉरमध्ये एक चित्र लागलं होतं. विषय होता सीमेवरचं नेतृत्व. बाकीच्या बोर्डांवर सियाचीनचे फोटो आणि परमवीरचक्र विजेत्यांची माहिती होती, ती दरवर्षी असतेच. या एका बोर्डावर मात्र बर्फात गाडलेली उंच तटबंदी होती आणि तिच्यावर तलवारीवर दोन्ही हात टेकून एक स्त्री सेनाधिकारी उभी होती. खाली नाव लिहिलेलं नव्हतं, पण मी लगेच ओळखलं. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मधली मेजर जनरल ऑलिव्हिए आर्मस्ट्राँग, ब्रिग्जच्या किल्ल्याची प्रमुख.

चित्र नववीतल्या एका मुलीनं काढलं होतं. ती बोर्डाच्या टाचण्या नीट करत तिथेच उभी होती. आम्ही अकरावीचे चार-पाच जण होतो आणि आमच्यात ॲनिमेचा जाणकार म्हणून मलाच मान होता. मी विचारलं, “हे कुठून उतरवलंस?”

“उतरवलं नाही दादा, आठवून काढलंय. मी मालिका बघितलीये.”

“तू? फुलमेटल?”

मागून कुणीतरी म्हणालं, “भावानं दाखवली असेल.” दुसरा म्हणाला, “आजकाल मुलींमध्ये फॅशन आहे ॲनिमेची.” आणि मग मी तिची परीक्षा घेतली. ‘ब्रदरहुड’चे भाग किती? चौसष्ट. एडवर्डच्या चांदीच्या घड्याळात काय कोरलंय? तीन ऑक्टोबर, अकरा साल, विसरू नकोस. असे बारा प्रश्न झाले. अकरा बरोबर आले. बाराव्याला ती अडली, तेव्हा आम्ही हसलो. अकरा उत्तरांपैकी एकावरही कुणी शाबासकी दिली नव्हती.

तिनं टाचण्यांची डबी बंद केली आणि म्हणाली, “मी एक विचारू का? ही गोष्ट लिहिलीये कुणी?”

मी म्हणालो, “अराकावा. असेल कुणीतरी जपानी माणूस.”

“माणूस नाही दादा, बाई आहे,” ती म्हणाली, आणि फॉल-इनची घंटा झाली म्हणून निघून गेली.

मी ही गोष्ट तेव्हा मेसमध्ये गंमत म्हणून सांगितली होती. आज बारावीत, शाळा सोडायला थोडेच महिने राहिलेले असताना ती मराठी पानावर लिहितो आहे, कारण त्यानंतर वर्षभर त्या मुलीचं एकही चित्र कुठल्या बोर्डावर आलं नाही. हे माझ्या लक्षात यायलाही वर्ष गेलं. यंदा हाउसला चित्रकार हवा होता, म्हणून मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, “नको, परत कुणीतरी विचारत बसेल.” (हा लेख तिनं वाचला आहे. नाव घालू नकोस, एवढीच तिची अट आहे.)

ज्यांना आमची शाळा माहीत नाही अशा पालकांसाठी एक खुलासा करायला हवा. आमच्याकडे मोबाईल नसतो. त्यामुळे वसतिगृहात ॲनिमे हा बघण्याचा कमी आणि सांगण्याचा प्रकार जास्त आहे. सुट्टीहून आलेला एखादा लाइट्स आउटनंतर हळू आवाजात अख्खा भाग सांगतो, लढाईचे आवाजही तोंडानं काढतो, आणि बाकीचे ब्लँकेटखाली ऐकतात. मी स्वतः ‘नारुतो’ असाच आधी ऐकला आणि नंतर बघितला. बऱ्याच मालिकांविषयी मी अधिकारानं बोलायचो, पण त्यातल्या निम्म्या मी पाहिलेल्याच नव्हत्या. मला मात्र कधी कुणी भागांची संख्या विचारली नाही. मी ‘आवडतं’ म्हणालो आणि सगळ्यांना ते पटलं.

मला वाटतं, सगळा मुद्दा इथेच आहे. मुलानं आवड सांगितली की ती माहिती ठरते. मुलीनं सांगितली की तो दावा ठरतो आणि दाव्याला पुरावा लागतो. पुरावा दिला तरी सुटका नाही. तिला प्रेमाची, शाळेतल्या मैत्रीची हळुवार गोष्ट आवडली तर आपण म्हणतो, बघा, मुलींना हेच आवडायचं. तिला युद्धाची गोष्ट आवडली तर म्हणतो, मुलांवर छाप पाडायला बघते. ‘हाइक्यू’सारखी व्हॉलीबॉलची मालिका आवडली तर म्हणतो, खेळ कुठे, खेळाडू बघते. म्हणजे मुलीनं काहीही बघितलं तरी तिच्या बघण्यामागे ॲनिमे सोडून दुसरंच काहीतरी असतं, हे आपण आधीच ठरवून बसलेलो असतो. आता आमच्या कपाटांच्या दारांवर आतून कोणकोणत्या नायिकांची चित्रं चिकटवलेली असतात, ते इन्स्पेक्शनच्या दिवशी सर्वांना दिसतं. पण त्यावरून ‘तुम्ही गोष्टीसाठी बघत नाही’ असं आम्हाला कुणी म्हटल्याचं स्मरत नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अराकावाविषयी वाचलं. वाचत गेलो तसा माझा मलाच राग येत गेला. हिरोमु अराकावा ही होक्काइदोमधल्या दुभत्या गाईंच्या गोठ्यावर वाढलेली बाई. जन्मनाव हिरोमी. लेखनासाठी तिनं पुरुषी वाटेल असं हिरोमु हे नाव घेतलं. शाळा संपल्यावर तिनं सात वर्षं घरच्या शेतावर काम केलं आणि मग चित्रकथा काढायला तोक्योला गेली. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ २००१ ते २०१० या काळात ‘मंथली शोनेन गंगन’ मासिकात आली आणि तिचे २७ खंड झाले. स्वतःचं चित्र काढायची वेळ आली की ती चष्मा लावलेली गाय काढते. युद्धाचा भाग लिहिण्यासाठी ती युद्धात लढलेल्या जुन्या सैनिकांशी आणि निर्वासितांशी बोलली होती.

‘शोनेन’ म्हणजे मुलगा. आम्ही हा शब्द पाटीसारखा वापरायचो की ही मुलांची मालिका आहे, मुलींनी यात पडू नये. प्रत्यक्षात ती मासिक कुणाला विकायचं हे सांगणारी, दुकानातल्या फळीवरची चिठ्ठी आहे. आत काय लिहिलंय आणि कोण वाचणार, हे त्या चिठ्ठीवर ठरत नाही. ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात १९७८ पासून ‘उरुसेई यात्सुरा’, पुढे ‘रानमा’ आणि १९९६ पासून ‘इनुयाशा’ लिहिणारी रुमिको ताकाहाशी हीसुद्धा बाईच. १९७२ मध्ये रियोको इकेदा हिनं ‘व्हर्सायचं गुलाब’ लिहायला घेतलं. त्यातली ओस्कर मुलगी असून मुलासारखी वाढवली जाते आणि फ्रान्सच्या राजघराण्याच्या रक्षकदलाची अधिकारी होते. गणवेशातली स्त्री अधिकारी जपानी चित्रकथेत पन्नास वर्षांहून जास्त काळ आहे. आमच्या बोर्डावर ती आली तेव्हा मात्र आम्हाला ‘फॅशन’ वाटली.

आणखी एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. चित्रकथांच्या चाहत्यांचा तोक्योतला प्रसिद्ध मेळावा, कॉमिक मार्केट, २१ डिसेंबर १९७५ रोजी पहिल्यांदा भरला. सुमारे ७०० लोक आले होते आणि त्यात बहुसंख्य शाळकरी मुली होत्या. आज तिथे लाखो लोक जातात. ज्या जगाच्या दारात उभे राहून आम्ही मुलींना प्रवेशपत्र विचारतो, त्या जगाची सतरंजी अंथरणाऱ्यांत मुली होत्या.

माझ्या मित्रांनी यावर दोन आक्षेप घेतले आहेत आणि ते मी लपवणार नाही. पहिला असा की प्रश्न विचारणं हा आमचा खेळच आहे, आम्ही मुलांनाही विचारतो. खरं आहे. पण मुलांना आम्ही सोबत घेतल्यानंतर विचारतो आणि चुकलेल्या उत्तरावर सगळे मिळून हसतो. तिला आम्ही सोबत घ्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी विचारलं होतं. प्रश्न तेच असतात, पण एका ठिकाणी ती गप्पांची सुरुवात असते आणि दुसऱ्या ठिकाणी चेकपोस्ट.

दुसरा आक्षेप जड आहे. कित्येक मालिकांत बायकांची पात्रं केवळ शोभेला असतात, कॅमेरा त्यांच्याकडे कसा बघतो हेही आपल्याला ठाऊक आहे. मग मुलींना हे आवडतंच कसं? या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण हा प्रश्न मुलींना विचारण्याआधी तो आम्हाला विचारायला हवा, कारण ते प्रसंग आमच्यासाठी काढलेले असतात आणि आम्ही ते मुकाट्यानं बघतो. त्या मुलीला मी हे विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “वाईट प्रसंग आला की मी पुढे ढकलते. तुम्ही?”

पालकांचीही एक बाजू आहे. ‘एवढी मोठी झालीस, अजून कार्टून बघतेस?’ हे वाक्य मुलींना जास्त ऐकावं लागतं, असं माझ्या वर्गातल्या आणि खालच्या वर्गांतल्या मुलींशी बोलल्यावर कळलं. घरी मुलगा ॲनिमे बघत असेल तर तो ‘टाइमपास’ करतो. मुलगी बघत असेल तर तिच्या अभ्यासाची, वळणाची आणि कधीकधी लग्नाचीही काळजी सुरू होते. शिक्षकांविषयी मी लिहीत नाही, मला अजून प्रॅक्टिकल द्यायचं आहे.

ज्या मालिकेवरून मी तिची परीक्षा घेतली, तिच्याकडे परत येतो. मी ती लढायांसाठी बघितली होती. किमया कशी चालते, कोण कुणाला हरवेल, हे मला पाठ होतं. यंदा तिच्याशी नीट बोललो तेव्हा तिनं रिझा हॉकआयविषयी सांगितलं. रिझाला अकादमीचं शिक्षण पूर्ण होण्याआधीच, कॅडेट असतानाच, इश्वालच्या युद्धावर स्नायपर म्हणून पाठवतात. युद्ध जिंकलं जातं. त्यानंतर ती एकटीच जमीन खणून एका इश्वाली मुलाचं दफन करत असते. तो प्रसंग मी पाहिला होता. मला आठवत नव्हता. तिला रिझाचा चेहरा, माती, सगळं आठवत होतं. आपण दोघंही कॅडेट आहोत, उद्या कदाचित अधिकारी होऊ, आणि त्या मालिकेत कॅडेटविषयी जे सर्वांत महत्त्वाचं होतं ते माझ्या बारा प्रश्नांत नव्हतंच. मी घड्याळावरची तारीख विचारत होतो.

या शाळेत २०२१ मध्ये सहावीत मुली आल्या तेव्हा मी आठवीत होतो. ‘पाच किलोमीटर धावणार का?’, ‘रोप चढता येईल का?’, ‘आल्या ते हौस म्हणून की खरंच फौजेत जायचंय?’ हे प्रश्न तेव्हा आम्ही उघड विचारायचो. आता कुणी विचारत नाही, कारण त्या रोज सकाळी आमच्याबरोबर धावतात. २०२२ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएत मुलींची पहिली तुकडी गेली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी बाहेर पडल्या. मैदानावरचा प्रश्न बंद झाला, तो आम्ही आवडीनिवडींकडे वळवला, असं मला आता वाटतं. ‘तुला खरंच आवडतं का?’ आणि ‘तू इथे खरंच का आलीस?’ या दोन्ही वाक्यांत ‘खरंच’ एकाच सुरात येतो.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. आमच्याकडे तीन म्हशी आहेत आणि आईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो, शाळेच्या पी.टी.च्याही आधी. ॲनिमे म्हणजे काय ते तिला सांगावं लागेल असं मला वाटलं होतं. मी तिला म्हटलं, दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारा ‘मोगली’ आठवतो का? तो जपानमध्ये १९८९ साली तयार झाला आणि त्याचं तिथलं नाव ‘जंगल बुक शोनेन मोगली’ असं होतं. म्हणजे तूही ‘मुलांची’ ॲनिमे बघितलेली आहेस. आई म्हणाली, बघितलेली कसली, गल्लीत एकच टीव्ही होता, पोरं पुढे बसायची आणि आम्ही मुली दाराच्या चौकटीतून बघायचो. शेवट बऱ्याचदा हुकायचा, कारण तेवढ्यात पाण्याला जायची वेळ व्हायची.

अराकावा गोठ्यावर वाढली हे ऐकल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, “मग दूध काढून झाल्यावर चित्रं काढायची का ती?” मी सांगितलं की तिनं शेतकी शाळेवरही एक मालिका लिहिली आहे, ‘सिल्व्हर स्पून’. शहरातला एक हुशार मुलगा होक्काइदोच्या निवासी शेतकी शाळेत येतो आणि त्याला काहीच येत नसतं. संध्याकाळची धार काढून झाल्यावर आई ओट्यावर बसली आणि मी मोबाईल तांब्याला टेकवून पहिला भाग लावला. भाषा जपानी, खाली अक्षरं इंग्रजी, मी मराठीत सांगत होतो. अंडं कोंबडीच्या कुठून येतं हे कळल्यावर त्या शहरी मुलाचा चेहरा पडतो. तिथे आई इतकी हसली की बाबा आतून बघायला आले.

भाग संपल्यावर ती म्हणाली, “पुढचा लाव. आणि मध्ये मध्ये सांगू नकोस, मला कळतंय.”