चालतंय की!

तांबडा-पांढरा रस्सा, कुस्ती आणि चप्पल या कोल्हापूरच्या तीन देणग्या साऱ्या जगाला ठाऊक आहेत. चौथी मात्र आम्ही इथे राहणारेच भोगतो. ती म्हणजे ‘चालतंय की!’ हे दोन शब्दांचं तत्त्वज्ञान. भिंतीचे पोपडे निघाले? चालतंय की. दोन पाहुण्यांच्या ऐवजी नऊ आले? चालतंय की. पाहुण्यांबद्दल माझी तक्रार नाही. करवतीबद्दल आहे, आणि ती मी आज चव्हाट्यावर मांडणार आहे.

त्याचं असं झालं. निवृत्तीनंतर मला सुतारकामाची खुमखुमी आली. जुन्या टेबलाला खाच पाडून मी दहा इंची गोल करवत वर काढली आणि पडवीत कारखाना थाटला. राहिली होती फक्त फेन्स. फेन्स म्हणजे कुंपण नव्हे. पात्याला समांतर बसवलेली सरळ पट्टी. फळी तिच्या अंगाला घासत पुढे सारायची, की काप सरळ येतो. ती ॲल्युमिनियमच्या सेक्शनची करायची, असं मी ठरवलं. इथपर्यंत मी शहाणा होतो.

मग मी बाजारात गेलो. (दुकानाचं नाव सांगत नाही, मला पुन्हा तिथूनच स्क्रू आणायचे आहेत.) दुकानदाराने सरकत्या खिडकीचा सेक्शन पुढे केला.

‘‘चकाकी बघा सर!’’

‘‘सरळ आहे का पण?’’

मी जणू त्याच्या कुळाची चौकशी केली, असा चेहरा करून त्याने किलोचा भाव सांगितला. सोबतीला नेलेले मिस्त्री म्हणाले, ‘‘घ्या की सायेब. खिडक्या काय वाकड्या असत्यात व्हय? चालतंय की!’’

घेतला. सेक्शन लांबीत जेमतेम दोन मिलिमीटर वाकलेला होता, आणि त्याचं मागचं टोक नेमकं पात्याकडे झुकलं होतं. तिसरी फळी त्या चिमटीत सापडली. पात्याच्या मागच्या, वर येणाऱ्या दातांनी ती उचलली आणि माझ्या कानाजवळून भिरकावली. पडवीतल्या पिंपाला अजून पोचा आहे. ही बाहेर आली, पिंपाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, ‘‘अहो, बाळ आत्ता तिथंच उभा होता.’’ एरवीसारखी तासभर बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून सांगतो, ‘चालतंय’वाल्यांनो, जरा हिशेब ऐका. मिनिटाला २,८८० फेरे घेणाऱ्या दहा इंची पात्याचे दात ताशी सुमारे १३८ किलोमीटर वेगाने धावतात. त्यांना तुमची चकाकी दिसत नाही. सेक्शन तयार होतो तो चकलीसारखा. तापवलेला धातूचा ओंडका सोऱ्यातून दाबावा तसा साच्यातून काढतात आणि मग ताणून सरळ करतात. चकली वाकडी आली तर खाता येते. सेक्शन वाकडा आला तर तो तुम्हाला खातो.

दुसरं, ॲल्युमिनियम हलकं असतं याचं कौतुक करताना ते त्याच मापाच्या पोलादापेक्षा तिप्पट वाकतं, हे कुणी सांगत नाही. उपाय आहे. भरीव पट्टीची जाडी दाबाच्या दिशेने दुप्पट केली, तर ताठपणा आठपट होतो. फळीचा दाब येतो बाजूने. म्हणून जाड भिंतींचा ४० बाय ८० चा सेक्शन घ्यावा आणि तो आडवा निजवावा. उंची कमी वाटली तर प्लायवुडची फळी समोर ठोकावी. खिडकीच्या सेक्शनची भिंत पातळ. क्लॅम्प आवळला की पिचकते. आणि दुकानातच दोन तुकडे घेऊन एकच बाजू एकमेकींना भिडवून उजेडासमोर धरावे. फट दिसली की नमस्कार करून पायऱ्या उतराव्या. अर्थात पट्टी कितीही सरळ असली, तरी फळीच्या रेषेत उभं राहू नये आणि नातवाला पडवीबाहेर ठेवावं.

यावर लोक म्हणतात, ‘‘एवढी काटेकोरी आपल्याला कुठली परवडायला?’’ अहो, हे कोल्हापुरात म्हणता? याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. कॅमेऱ्यात फिल्म केसभर हलली, तर पडद्यावर सैरंध्रीसकट राजवाडा नाचतो. तिथे ‘चालतंय’ म्हणून भागलं असतं का? आमच्या उद्यमनगरात आजही माणसं लेथवर काटा लावून मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडतात. तीच माणसं संध्याकाळी घरी येऊन दोन सूत वाकड्या दाराला ‘चालतंय’ म्हणतात, हे माझं खरं दुखणं आहे.

परवा मी नवा सेक्शन बसवला. गुण्या लावला, पुढून-मागून पात्यापर्यंतचं अंतर मोजलं, तेव्हा केसाचाही फरक नव्हता. मिस्त्रींना मुद्दाम बोलावलं. त्यांनी एक डोळा मिटून पट्टी न्याहाळली, बोट फिरवलं, एक फळी कापून पाहिली. मी श्वास रोखून उभा.

‘‘काय मिस्त्री, कसं काय?’’

‘‘चालतंय की, सायेब!’’